एडक्यांचे वतन

एकाच खोऱ्यात शेजारी राहून चाळीस वर्षे परस्परांशी चकार शब्द न बोललेल्या दोन वृद्ध भावांची आणि त्यांच्या मेंढ्यांची कथा ग्रिमुर हाकोनार्सन या आइसलँडच्या दिग्दर्शकाने २०१५ साली ‘हृटार’ या चित्रपटात सांगितली. तिच्या मुळाशी आपल्याकडच्या कोणत्याही भाऊबंदकीत शोभेल असा कज्जा आहे, तो म्हणजे वडिलोपार्जित जमीन एकाच भावाच्या नावे लागल्याचा. हीच कथा २०२० साली जेरेमी सिम्सने पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट बार्करच्या परिसरात नेली. सॅम नील आणि मायकेल केटन हे तिथले भाऊ झाले, आणि गावकऱ्यांत वेन ब्लेअर हा आदिवासी वंशाचा नट दिसला. या ऑस्ट्रेलियन आवृत्तीत वैविध्य पुरेसे आहे की नाही, याचा हिशेब पडद्यावरचे चेहरे मोजून लागेल असे मला वाटत नाही. त्याला मेंढपाळीच्या व्यवसायाचेच जुने दप्तर उघडावे लागेल.

त्या दप्तराचे पहिले पानच संमिश्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या लोकरीचा लौकिक १७९७ साली दक्षिण आफ्रिकेतील केपहून आलेल्या मेरिनो मेंढ्यांशी जोडला जातो. परंतु त्यापूर्वीच कलकत्त्याहून नेलेल्या बंगाली मेंढ्या तिथल्या जॉन मकार्थर या मेंढीपालकाच्या कळपात नांदत होत्या, आणि त्याचे संकराचे पहिले प्रयोग त्यांच्यावरच झाले. पुढे वाळवंटातून लोकरीचे गठ्ठे बंदरापर्यंत पोचवण्यासाठी बलुचिस्तान, सिंध, पंजाब येथून उंटवाले आले. त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हणण्यात येई, आणि लोकर कातरणाऱ्यांच्या संघाने चिनी मजुरांप्रमाणे त्यांनाही सभासदत्वाचे दार बंद ठेवले.

या व्यवसायाची जी प्रतिमा लोकमानसात रुजली, ती मात्र टॉम रॉबर्ट्सच्या १८९० च्या ‘शिअरिंग द रॅम्स’ या चित्राची. लाकडी छपराखाली वाकून एडके कातरणारे गोरे, बळकट पुरुष म्हणजेच ऑस्ट्रेलिया, असा त्या चित्राचा अंमल पिढ्यान्‌पिढ्या चालला. गंमत अशी की, जनावराला झालेल्या जखमेवर डांबर लावणारा जो हसरा पोरगा त्यात दिसतो, त्याच्यासाठी चित्रकारापुढे उभी राहिली होती ती सुसान बोर्न नावाची लहान मुलगी.

त्या चित्राच्या चौकटीत ज्यांना मुळीच जागा मिळाली नाही, त्यांची हकीकत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा प्रांतात सापडते. तिथल्या विस्तीर्ण मेंढीमळ्यांवर कळप राखणे, कुंपणे घालणे, विहिरी सांभाळणे ही कामे आदिवासी स्त्रीपुरुष करीत. मोबदला म्हणून बहुतेकांच्या हाती पीठ, चहा, साखर आणि थोडे मांस पडे, आणि त्यांना कामावर ठेवण्याचा परवाना १९०५ च्या कायद्यान्वये सरकार मळेवाल्याला देई. १९४२ साली स्कल स्प्रिंग्ज येथे निरनिराळ्या भाषा बोलणारे आदिवासी एकत्र जमले, संपाचा विचार तेथे ठरला, आणि महायुद्ध संपेपर्यंत थांबण्याचा संयमही त्यांनी दाखवला. त्यांच्यापैकी डूली बिन बिन हा हाताने आखलेल्या दिनदर्शिका घेऊन मळ्यामळ्यांवर हिंडला. अक्षरओळख नसलेल्यांनी त्यांवर रोज एक दिवस खोडत जावे, म्हणजे शेकडो मैलांवरची माणसे एकाच दिवशी काम सोडतील, अशी ती योजना होती. सरकारी खलिते आणि तारायंत्र हाताशी असलेल्या अधिकाऱ्यांना या खुणांच्या कागदांचा सुगावा लागू नये, याचे मला विशेष कौतुक वाटते. १ मे १९४६ रोजी संप सुरू झाला. सुमारे ८०० माणसे त्यात उतरली, बिन बिन आणि क्लॅन्सी मकेना या पुढाऱ्यांना कैद झाली, त्यांचा गोरा साथी डॉन मॅक्लाउड यालाही अटक झाली, आणि तरीही संप १९४९ पर्यंत टिकला.

हे समोर ठेवल्यावर ब्लेअरचे गावकऱ्यांत असणे हे नव्या काळाचे औदार्य ठरत नाही. तो तेथे असणे हेच वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र दोन भाऊ ज्या भूमीवर वर्षानुवर्षे अबोला धरून बसले, ती मुळात नूंगर आदिवासींची, आणि तिच्यावरचा हा पहिला तंटा चित्रपटाच्या कक्षेत फारसा येत नाही. मला ही उणीव पात्रांच्या संख्येपेक्षा मोठी वाटते.

पिलबाऱ्याचे अनेक संपकरी मळ्यांवर परतलेच नाहीत. त्यांनी लाकडी परातींत खनिज पाखडून विकले, पैसा सामाईक खात्यात ठेवला, आणि आपल्याच पूर्वजांच्या मुलखातले काही मळे कालांतराने रोख किंमत मोजून स्वतःच्या नावे करून घेतले.