भाषांची निवड : एक जुना प्रश्न

बारावीचा निकाल हाती आला की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, मला भाषा घेऊन पदवी करायची आहे. वडील विचारतात, भाषा शिकून पोट भरते का? आई विचारते, घ्यायचीच तर कोणती घेशील, फ्रेंच, जर्मन की आपली मराठी? विद्यापीठात कोणती भाषा शिकावी, हा प्रश्न आजचा वाटतो खरा. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासात तो सातशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

फ्रान्समधील व्हिएन या नगरात 1311–12 मध्ये सार्वत्रिक धर्मपरिषद भरली. पोप पाचवे क्लेमेंट यांच्या अध्यक्षतेखालील त्या परिषदेने असा आदेश काढला, की पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या आणि सालामांका येथील विद्यापीठांत, तसेच पोपमहोदयांच्या दरबारात, हिब्रू, अरबी आणि खाल्डियन या भाषा शिकवल्या जाव्यात व प्रत्येक भाषेसाठी दोन अध्यापक असावेत. या आदेशामागे मायोर्का बेटावरील रामोन ल्युल यांची कित्येक वर्षांची धडपड होती. त्यांच्या आग्रहामुळे मिरामार येथे 1276 मध्ये अरबी शिकण्यासाठी तेरा फ्रान्सिस्कन बंधूंचा मठ स्थापन झाला होता. ज्याला शुभवर्तमान सांगायचे त्याची भाषा आधी शिकली पाहिजे, ही त्यांची साधी भूमिका. आदेशाची अंमलबजावणी फारशी झाली नाही. पण कोणत्या भाषा शिकवायच्या आणि कशासाठी, हे दोन्ही प्रश्न विद्यापीठांपुढे कायमचे मांडले गेले.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या किनाऱ्यावर एका इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने दिले. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. येथील भाषांची रचना त्यांना लॅटिन आणि ग्रीकची आठवण करून देणारी वाटली, असे त्यांनी 1583 मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रातून दिसते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, 1640 मध्ये, प्रसिद्ध झाले. मात्र त्याच भूमीवर 1684 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा शिकण्याची निवड आणि भाषा लादण्याची सत्ता यांतील अंतर आपल्या पूर्वजांनी असे स्वतः अनुभवले आहे.

इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत लॅटिन आणि ग्रीक यांचेच राज्य दीर्घकाळ टिकले. फ्रेंच किंवा जर्मन या भाषा शिकवणीच्या, दिवाणखान्याच्या. त्यांत पदवी कसली मिळवायची, असा समज होता. केंब्रिजमध्ये आधुनिक भाषांची पहिली पदवी परीक्षा 1886 मध्ये झाली. ऑक्सफर्डमध्ये 1887 मध्ये असा प्रस्ताव फेटाळला गेला आणि तेथे आधुनिक भाषांची स्वतंत्र पदवी सुरू व्हायला 1903 साल उजाडावे लागले. या नव्या विषयाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्यात जुन्या ग्रंथांवर आणि शब्दांच्या व्युत्पत्तीवर मोठा भर देण्यात आला. बोलण्याला गौण स्थान मिळाले. केंब्रिजमध्ये मुलींनाही या परीक्षेला बसता येई. पण उत्तीर्ण झालेल्या त्या मुलींना पूर्ण पदवी देण्यास त्या विद्यापीठाने 1948 पर्यंत वाट पाहायला लावली.

मुंबईतही हाच झगडा झाला, फक्त भाषा वेगळ्या. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले. आरंभी देशी भाषांना परीक्षांत स्थान होते; 1860 च्या दशकात उच्च परीक्षांतून त्यांना वगळण्यात आले आणि संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना प्राधान्य मिळाले. 1859 च्या पहिल्या प्रवेश परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांपैकी एक असलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून अनेक वर्षे खटपट केली. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे टिपण 1898 मधले. 16 जानेवारी 1901 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास एम. ए. साठी देशी भाषांना मान्यता देण्याचा निर्णय झाला. आज मुंबईतला विद्यार्थी मराठी हा विषय सहज निवडतो. त्या सहजतेमागे एवढा इतिहास आहे.

आता आजच्या निवडीकडे वळू. ब्रिटनमधील आधुनिक भाषांची पदवी साधारणतः चार वर्षांची असते आणि त्यांतले एक वर्ष परदेशात काढायचे असते. केंब्रिजमध्ये विद्यार्थी दोन भाषा घेतो. एक आधी शिकलेली असते, दुसरी मुळाक्षरांपासून सुरू करता येते. पहिल्या वर्षी भाषेचा पाया पक्का करायचा आणि पुढे आवडीप्रमाणे अभ्यासपत्रिका, म्हणजे आपण ज्यांना पेपर म्हणतो ते, निवडायचे: साहित्य, इतिहास, भाषाशास्त्र, चित्रपट, भाषांतर. बहुतेक मुले येथे सोपा पेपर शोधतात. जुने हस्तलिखित वाचायला शिकवणारा, मध्ययुगीन ग्रंथांचा पेपर रिकामा राहतो. त्याचा उपयोग काय, असे विचारले जाते.

त्याचे उत्तर 'ख्रिस्तपुराणा'च्याच कथेत आहे. राशोलला छापलेल्या त्या पुस्तकाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1907 मध्ये मंगळूरला जी आवृत्ती निघाली, ती रोमन लिपीतील हस्तलिखितांवरून. पुढे 1923 च्या सुमारास अमेरिकन मिशनरी जस्टिन अॅबट यांनी लंडनमध्ये या ग्रंथाची देवनागरी प्रत असल्याचे जगापुढे आणले. भाषांचे जाणकार विल्यम मार्सडन यांनी 1835 मध्ये आपला संग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला होता. तो पुढे 1916 मध्ये स्थापन झालेल्या पौर्वात्य विद्यांच्या संस्थेकडे गेला आणि त्यात ती प्रत होती. इतकी वर्षे ती कपाटात होती. ती ओळखू शकेल असा, मराठी आणि जुन्या लिपीवळणांची जाण असलेला वाचक भेटल्यावरच ती पुन्हा आपली झाली. त्याच संस्थेत पुढे इयन रेसाइड यांनी मराठीचे अध्यापन केले.

म्हणून भाषा घेऊ इच्छिणाऱ्या मुलीला घरातल्यांनी अडवू नये. तिला दोन प्रश्न मात्र जरूर विचारावेत. पहिला, ही भाषा शिकून तू कोणाशी बोलणार आहेस? दुसरा, या भाषेतले कोणते जुने लिखाण तुझ्यावाचून वाचणारे कोणी नाही? एक भाषा पोटासाठी घ्यावी. फ्रेंच, जर्मन, जपानी यांना मागणी आहे, यात कमीपणा नाही. पण तिच्या जोडीला आपल्या वाडवडिलांची मराठी, वाडवळी, सामवेदी किंवा कोकणी सुटू देऊ नये. शक्य झाल्यास जुन्या ग्रंथांचा तो रिकामा पेपरही घ्यावा. आपल्या कित्येक चर्चच्या कपाटांत बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या पोर्तुगीज व लॅटिन नोंदवह्या आहेत. त्या वाचू शकणारी मुले पुढच्या पिढीत असावीत, एवढी काळजी आजच्या पालकांनी घेतली तरी पुष्कळ झाले.