रामदास बोट आणि वायरलेसचा नियम



१७ जुलै आला की आमच्या आईला तिचे रेवदंड्याचे काका आठवायचे. १९४७ साली त्या दिवशी दिव्यांची अवस होती. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात काकाही. आई म्हणायची, "बोटीवर वायरलेस नव्हता रे. बुडाली सकाळी आणि मुंबईला कळलं दुपारनंतर."

मी कॉमर्सचा पदवीधर, उभी नोकरी गोव्यात बँकेत झाली. पण आईच्या या बोलण्यामुळे हा विषय वाचत गेलो. १९१२ला टायटॅनिक बुडाली तेव्हा जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा वायरलेसवाला झोपला होता. म्हणून १९१४ साली लंडनला करार झाला: पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या जहाजावर वायरलेस हवाच. पहिल्या महायुद्धामुळे तो अमलात आला नाही. १९२९ला नवा करार झाला, पण तो एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांसाठी. रेवसची बोट त्यात बसत नव्हती. माणसं शेकड्यांनी, पण फेरी घरच्याच पाण्यातली ना!

आता माझी चूक सांगतो. १९८४च्या सुमारास माझ्याकडे मालीम जेटीवरच्या एका ट्रॉलरचं कर्जप्रकरण आलं. रक्कम मर्यादेबाहेर जात होती. मालक म्हणाला, "वायरलेस काढून टाका साहेब, सक्ती खंय आसा?" मी कोटेशनमधली ती ओळ लाल पेनाने खोडली आणि कर्ज मंजूर केलं. पुढच्याच मोसमात त्या ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं. दोन रात्री ती भर समुद्रात वाहत होती. दुसऱ्या एका ट्रॉलरने ओढून आणली, सगळे सुखरूप. पण जेटीवर बसलेल्या बायकांकडे मला बघवलं नाही. आईच्या काकांच्या बोटीला नियमाने सोडलं होतं, हिला मी सोडलं.

१ फेब्रुवारी १९९९पासून परदेशी फेऱ्यांवरच्या सगळ्या प्रवासी जहाजांना आणि ३०० टनांपासून पुढच्या मालवाहू जहाजांना नवी संकटसूचना यंत्रणा सक्तीची झाली. जहाज बुडालं तरी त्यावरचा बीकन आपोआप सुटून तरंगतो आणि उपग्रहाला खूण पाठवतो. वाचून बरं वाटलं. पण लहान होड्या त्या नियमाबाहेरच राहिल्या.

आईला ती लाल रेघ मी कधीच सांगितली नाही. आज इथे लिहिली.

कुणाच्या घरी रामदासच्या आठवणी असतील तर जरूर लिहा.