मोटारशर्यतीतील राष्ट्ररंगांची कुळकथा

घोड्यांच्या शर्यतीत स्वाराच्या अंगातील रेशमी सदऱ्याचा रंग पाहून घोडा कोणत्या मालकाचा हे ओळखण्याची रीत पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या मैदानांवर जाणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. इंग्लंडातील जॉकी क्लबाने न्यूमार्केट येथे 1762 साली मालकांचे रंग आपल्या दफ्तरी नोंदवून घेतले, तेव्हापासून ती अव्याहत चालत आली आहे. पुढे मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा हाच शिरस्ता त्यांनीही उचलला असता तर नवल नव्हते. परंतु घडले ते निराळेच. जवळजवळ सात दशके शर्यतीच्या मोटारीच्या रंगाने मालकाचे नाव सांगितले नाही, चालकाचे सांगितले नाही, कारखान्याचेही सांगितले नाही. त्याने सांगितला तो देश. फ्रान्सची मोटार निळी, इंग्लंडची हिरवी, इटलीची तांबडी, बेल्जियमची पिवळी, जर्मनीची आधी पांढरी व मागाहून रुपेरी, ही वाटणी जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, बुगाटीचे नाव निघताच त्यांच्या डोळ्यांपुढे निळाई उभी राहते आणि बेंटलीचे निघताच गर्द हिरवाई.

या वाटणीचा उगम गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्तींत आहे. 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्राचा धनी जेम्स गॉर्डन बेनेट, ज्याने स्टॅन्लेला लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ आफ्रिकेत धाडले होते तोच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये वास्तव्य करून होता, आणि 1899 साली त्याने मोटारशर्यतीसाठी एक चषक देऊ केला. तोवर शर्यती व्यक्तीव्यक्तींत व कारखान्याकारखान्यांत होत असत. या चषकासाठी मात्र निरनिराळ्या राष्ट्रांच्या मोटार क्लबांनी लढावयाचे होते. प्रत्येक क्लबाने जास्तीत जास्त तीन मोटारी धाडाव्या, मोटारीत चालक व यांत्रिक शेजारी शेजारी बसावे, आणि जो देश जिंकेल त्याच्या क्लबाने पुढील शर्यतीची व्यवस्था पाहावी, असे ठरले. सर्वांत कडक कलम होते ते मोटारीच्या उत्पत्तीविषयी: तिचा भाग न् भाग त्याच देशात बनलेला असला पाहिजे. या कलमाचा अंमल किती काटेकोर होता हे 1901 साली सेल्विन एज या इंग्रज चालकास कळून आले. त्याच्या नेपियर मोटारीचा भार इंग्लिश टायरांना पेलेना, म्हणून त्याने फ्रेंच टायर चढविले, आणि तेवढ्यावरून ती मोटार चषकाच्या लढतीतून बाद ठरली.

जेथे टायरालासुद्धा राष्ट्रीयत्व होते, तेथे मोटारीच्या वर्णाला ते प्राप्त व्हावे हे क्रमप्राप्तच म्हटले पाहिजे. तेव्हाच्या शर्यती गावोगावच्या उघड्या रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर चालत. रस्त्यांना डांबर ठाऊक नव्हते, आणि धुळीच्या लोटातून एखादी मोटार क्षणभर दिसून नाहीशी होई. अशा वेळी दुरूनही ओळखता येईल अशी खूण हवी होती. प्रत्येक देशाला एकेक रंग द्यावा ही सूचना काउंट इलियट झबोरोव्स्की या पोलिश वंशाच्या, अमेरिकेत जन्मलेल्या धनाढ्य मोटारशौकिनाची, असे मानले जाते. त्याप्रमाणे फ्रान्सला निळा, बेल्जियमला पिवळा, जर्मनीला पांढरा व अमेरिकेला तांबडा रंग मिळाला. 14 जून 1900 रोजी पॅरिसहून लिआँकडे पहिली शर्यत निघाली तेव्हा पाचच मोटारी रुजू होत्या, तीन फ्रेंच, एक बेल्जियन व एक अमेरिकन. आणि शारों याने पानार मोटारीत बसून ती फ्रान्सला जिंकून दिली. झबोरोव्स्कीला आपल्या कल्पनेचा विस्तार पाहावयास मिळाला नाही. 1 एप्रिल 1903 रोजी नीसजवळच्या ला तुर्बी येथील चढावाच्या शर्यतीत मोटार कड्यावर आदळून त्याचा अंत झाला.

इंग्लंडच्या हिरव्या रंगाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. 1902 साली एजने चषक जिंकला, आणि शर्तीप्रमाणे पुढील शर्यत भरविण्याचे दायित्व ब्रिटिश क्लबावर येऊन पडले. तेथील रस्त्यांवर तर ताशी 12 मैलांपलीकडे वेग नेण्याची मुभा नव्हती! तेव्हा पार्लमेंटात आयर्लंडपुरता स्वतंत्र कायदा मंजूर करून घेण्यात आला आणि 2 जुलै 1903 रोजी अथाय गावाच्या परिसरात सुमारे 327 मैलांची शर्यत झाली. यजमान आयर्लंडच्या सन्मानार्थ इंग्रजांनी आपल्या मोटारींना तेथील शॅमरॉकच्या पानाचा हिरवा रंग दिला व तोच पुढे त्यांचा राष्ट्ररंग झाला, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती मनोहर आहे, परंतु पुरती खरी नव्हे. कारण एजची 1902 सालची विजयी नेपियरदेखील हिरवीच होती. अधिक संभवनीय उपपत्ती अशी की, ब्रिटिश निशाणातील तांबडा, पांढरा व निळा हे तिन्ही रंग इतर राष्ट्रांनी आधीच घेतलेले असल्यामुळे इंग्लंडला निशाणाबाहेरचा रंग पत्करणे भाग होते. हिरवा हाताशी होताच, आणि आयर्लंडच्या शर्यतीने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली.

त्या शर्यतीतील विजयी मोटारीकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे, कारण या प्रथेचे सारे मर्म तिच्यात सामावलेले आहे. शर्यतीच्या काही आठवडे आधी कानश्टाट येथील मर्सिडीजचा कारखाना आगीत सापडला व खास बांधलेल्या 90 अश्वशक्तीच्या मोटारी भस्मसात झाल्या. कारखान्याने आपल्याच गिऱ्हाइकांकडून 60 अश्वशक्तीच्या मोटारी उसन्या मागितल्या. त्यांपैकी एका अमेरिकन धनिकाच्या मोटारीवर तांबड्या दाढीचा कामिय जनाट्झी बसला, आणि जिंकला. मालक अमेरिकन, चालक बेल्जियन, भूमी आयर्लंडची. परंतु मोटार जर्मन, म्हणून तिचा रंग पांढरा आणि जय जर्मनीचा! सदऱ्याच्या रंगाने मालकाची कीर्ती गाणाऱ्या घोडदौडीहून ही वहिवाट किती भिन्न होती, ते येथे स्वच्छ दिसते.

अमेरिकेचा तांबडा रंग इटलीकडे कसा गेला याविषयी असे सांगतात की, 1907 साली पेकिंगहून पॅरिसला निघालेली दुर्धर दौड प्रिन्स बोर्गेझे याने इटाला मोटारीत बसून जिंकली, ती मोटार तांबडी होती, आणि त्या पराक्रमाच्या स्मरणार्थ इटलीने तो वर्ण कायमचा आपलासा केला. अमेरिकेने पुढे पांढरा व निळा यांची जोडी घेतली. यादी वाढत गेली, आणि एक आशियाई राष्ट्रही तीत दाखल झाले: सयामचा राजपुत्र बिरा फिकट निळ्या व पिवळ्या रंगांच्या मोटारी चालवी, आणि 'रोम्युलस' असे नाव दिलेल्या आपल्या ई.आर.ए. मोटारीवर त्याने 1936 साली मोनॅको येथे छोट्या मोटारींची शर्यत जिंकली. यांपैकी कोणत्याही रंगाची एकच ठराविक छटा कधीच नव्हती. इंग्रजांच्या हिरव्यात नेपियरचा काळपट हिरवा, बेंटलीचा गर्द हिरवा आणि कोणाचा अगदी कोवळा पोपटीही सुखाने नांदत असे.

रुपेरी रंगाच्या जन्माची कथा सर्वांत प्रसिद्ध आहे. 1934 साली मोटारीचे वजन, पेट्रोल, तेल, पाणी व टायर सोडून, 750 किलोंहून अधिक नसावे असा नियम अमलात आला. नुर्बुर्गरिंग येथील शर्यतीच्या आदल्या दिवशी मर्सिडीज मोटार 751 किलो भरली. तेव्हा रात्रभर खरवडून पांढरा रंग काढून टाकला, आतील ॲल्युमिनियम उघडे पडले आणि 'रुपेरी बाण' जन्माला आले, असे संघाचा व्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबावर याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शौकिनांतील जिज्ञासूंनी ही साक्ष तपासून पाहिली. ती शर्यत वजनाच्या त्या नियमाखाली भरलेलीच नव्हती असे त्यांना आढळले, आणि त्याआधीच मोटार रुपेरी असल्याचे पुरावेही पुढे आले. एवढ्या लाडक्या कथेची अशी झडती घ्यावयास ममत्व आणि सचोटी ही दोन्ही लागतात. ती या मंडळींजवळ आहेत याचे मला मोठे कौतुक वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर रंग मोटारीच्या जन्मभूमीपेक्षा तिला शर्यतीत उतरविणाऱ्या संघाच्या देशाचा मानला जाऊ लागला. म्हणून बेल्जियन संघाच्या फेरारी पिवळ्या असत. 1964 साली इटलीच्या मोटार क्लबाशी तंटा होऊन एन्झो फेरारीने आपला इटालियन परवाना परत केला, आणि वर्षाच्या शेवटच्या दोन शर्यतींत त्याच्या मोटारी अमेरिकन संघाच्या नावे पांढऱ्या व निळ्या रंगांत धावल्या. त्याचा चालक जॉन सर्टीझ त्या वर्षीचा जगज्जेता ठरला तो तांबड्या फेरारीत नव्हे, तर या रंगांत. त्यानंतर चारच वर्षांनी प्रथेचा पाया ढासळला. पेट्रोल व टायर कंपन्यांचा आश्रय आटू लागल्यामुळे 1968 पासून जाहिरातदारांचे रंग मिरविण्याची परवानगी मिळाली. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेत जिम क्लार्कने हिरव्या लोटसवर आपली शेवटची ग्रां प्री जिंकली, आणि त्याच शर्यतीत एक खाजगी संघ सिगारेटच्या जाहिरातीचे रंग घेऊन उतरला होता. मे महिन्यापर्यंत लोटसही गोल्ड लीफ सिगारेटच्या तांबड्या-सोनेरी वेष्टनाच्या रंगांत ग्रां प्रीला हजर झाली. पुढे नियमही लोपला.

नियम लोपला, तरी प्रथा लोपली नाही. 1934 साली इंग्लंडात जुन्या मोटारी बाळगणाऱ्या, फारशा सधन नसलेल्या मंडळींनी स्थापन केलेला व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब असो, ग्लॉस्टरशायरातील प्रेस्कॉटचा चढाव विकत घेणारा बुगाटी मालकांचा क्लब असो, किंवा 1998 पासून गुडवूड येथे भरणारा महोत्सव असो, तेथे जुनी शर्यती मोटार उतरविणारा मनुष्य तिचा रंग आपल्या आवडीने ठरवीत नाही, तर शोधून काढतो. एखादी पट्टी उकलून, नामपट्टाखालचा, दर्शकफळीच्या मागचा, जेथे ऊन व पेट्रोल पोहोचले नाही असा रंगाचा तुकडा तो हुडकतो. थरावर थर असतील तर एकेक थर हलक्या हाताने घासून कोणता कोणाच्या काळचा ते ठरवितो. छायाचित्रांवर विसंबावे तर तेही सावधपणे, कारण जुन्या काळच्या छायाचित्रणातील अनेक काचपट्ट्यांना तांबडा प्रकाश जाणवतच नसे, त्यामुळे तांबडी मोटार चित्रात काळीकुट्ट उमटे व निळी फिकट. इतका खटाटोप करून तो जी छटा लावतो, ती लावण्याची सक्ती आज त्याच्यावर कोणत्याही दफ्तराची नसते.

येथेच या कुळकथेचा मला दिसणारा अर्थ आहे. हे रंग जन्मले ते ओळखीच्या सोयीसाठी. राष्ट्राभिमानाने त्यांना वाढविले, आख्यायिकांनी नटविले, आणि द्रव्याने त्यांना मैदानातून उठविले. ज्यांनी त्यांना पुन्हा उभे केले ते ना सरकार होते ना कारखानदार. ते होते आपल्या पदरचा पैसा खर्चून, हातांना वंगण लावून घेऊन, एका मोटारीच्या पूर्वायुष्याशी इमान राखणारे सामान्य शौकीन. नियमाने लादलेली गोष्ट नियम उठताच विरून जाते. जी त्यानंतरही स्वेच्छेने पाळली जाते, तिलाच परंपरा म्हणावे, आणि त्या कसोटीला शर्यतीच्या मोटारींचे हे रंग पुरेपूर उतरले आहेत.