सभागृहाचे दार

४ जानेवारी १६४२ रोजी इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स पाच सभासदांना पकडण्यासाठी सशस्त्र शिपायांसह कॉमन्स सभागृहावर चालून गेला. ते आधीच निसटले होते. राजाने त्यांचा ठावठिकाणा विचारताच सभापती विल्यम लेंथॉल याने गुडघे टेकून नम्रपणे उत्तर दिले की, सभागृहाच्या आज्ञेवाचून मला पाहण्यास डोळे नाहीत व बोलण्यास जीभ नाही. राजा रिक्तहस्ते परतला.

पुढे यादवी युद्धात राजा हरला. पण सभागृहाचे दार काही सुरक्षित झाले नाही. ६ डिसेंबर १६४८ रोजी पार्लमेंटच्याच सैन्यातील कर्नल प्राइड यादी घेऊन त्या दाराशी उभा राहिला. राजाशी तडजोड इच्छिणाऱ्या सभासदांना त्याने अडविले; कित्येकांना कैद केले. उरलेल्यांनी या बळजबरीचा लाभ मुकाट्याने पत्करला, राजाच्या चौकशीसाठी खास न्यायासन निर्मिले, आणि ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

२० एप्रिल १६५३ रोजी क्रॉमवेलने बंदूकधारी शिपाई बोलावून याच उरलेल्यांना बाहेर घालविले. लेंथॉललाही आसनावरून उतरविण्यात आले. प्रतिपक्षावरील अन्यायास ज्यांनी मूक संमती दिली, त्यांना स्वतःवरील अन्यायाची दाद मागावयास जागाच उरली नव्हती.