रिंगची वेगळी परीक्षा कशाला?

पाळीच्या दुखण्यावर योनीमार्गात ठेवायच्या हार्मोनच्या रिंगची वेगळी चाचणी हवी कशाला, असं जाणकार मंडळीही विचारतात. ‘एक मूल झालं की थांबेल’ म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. जाणकारांचा हा पूर्वपक्ष मात्र कच्चा नाही. शेफील्डच्या पिकल्स यांनी १९५७ साली पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारं द्रव्य दाखवलं. पुढे त्याचा माग प्रोस्टाग्लँडिनपर्यंत लागला. गर्भनिरोधक गोळीने गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं, कळा उतरतात. रिंगमध्येही त्याच जातीची हार्मोनं. मग चाचणीत तुलनेसाठी काही बायकांना बिनऔषधाची रिंग देऊन उगाच सोसायला का लावायचं?

यात मात्रेचा विसर पडला आहे. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली नुव्हारिंग ही गर्भनिरोधक रिंग रोज १५ मायक्रोग्रॅम एथिनिल एस्ट्रॅडिऑल हे एस्ट्रोजेन सोडते. ३० मायक्रोग्रॅमची गोळी घेणारीच्या रक्तात जेवढं उतरतं, त्याच्या साधारण निम्मंच रिंगवालीच्या रक्तात उतरतं. एवढ्यावर गर्भधारणा टळते हे सिद्ध आहे. कळाही तेवढ्याच उतरतात, हे त्यातून निघत नाही. रिंग यकृताला बगल देते म्हणून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका कमी, हेही असंच विश्वासाने सांगितलं जायचं. डेन्मार्कच्या देशभरच्या नोंदी २०१२ साली छापून आल्या, तेव्हा रिंग वापरणाऱ्यांत गुठळ्यांचं प्रमाण हार्मोन न घेणाऱ्यांच्या सुमारे साडेसहा पट दिसलं.

दुखण्याच्या बाबतीतही तर्क तोंडघशी पडलेला आहे. बायर या औषध कंपनीने एंडोमेट्रिओसिस या दुखऱ्या आजारासाठी अ‍ॅनास्ट्रोझोल आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल यांची रिंग तयार केली. त्या आजाराच्या गाठी स्वतःच एस्ट्रोजेन बनवतात, ते बनणंच जागेवर रोखायचं. कल्पना देखणी होती. चाचणीत बिनऔषधाच्या रिंगपेक्षा ती सरस ठरली नाही. आजार वेगळा, हे कबूल. पण उपपत्तीवर विसंबणाऱ्यांनी हा निकाल डोळ्याआड करू नये.

राहिला सोसायला लावण्याचा आक्षेप. अशा चाचणीत वेदनाशामक गोळी सहसा बंद नसते, मोजली जाते. बाई रोज वहीत शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा लिहिते आणि शेजारी घेतलेल्या गोळ्या. हा दुसरा रकाना फार बोलका असतो: दुखणं आठावरून चारावर आलं, पण दोन मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेऊन, तर श्रेय रिंगचं नव्हे. खरी अडचण निराळीच आहे, आणि आश्चर्य म्हणजे पूर्वपक्ष तिचं नावही घेत नाही. औषधाच्या रिंगने रक्तस्राव बदलतो, म्हणून आपल्या वाट्याला कोणती आली ते बाई ओळखते. आणि औषध मिळाल्याच्या समजुतीनेही दुखणं हलकं होतं. त्यासाठी एका रिंगची दुसऱ्या मात्रेच्या रिंगशीही गाठ घालावी लागते.

शिवाय नेहमीच्या वापरात रिंग तीन आठवडे आत असते, चौथ्यात काढतात. रक्तस्राव येतो तो त्याच आठवड्यात, आणि कळा येणार असल्या तर तेव्हाच. सुट्टी न घेता लागोपाठ रिंग बदलत गेलं तर काय होतं, हे गोळीच्या अनुभवावरून ठरवायचं की रिंग वापरणारीच्या वहीवरून?