चिऱ्याचा अंगरखा

आमच्या शाळेची सहल दरवर्षी डिसेंबरात निघते आणि तीन वर्षांतून एकदा तरी ती गोव्याला जाते. खानापूर तालुक्यातल्या मुलांना गोवा तसा परका नाही. कुणाची मावशी फोंड्याला दिलेली असते, कुणाचा थोरला भाऊ म्हापशाला कामाला असतो. तरीही जांबोटीहून पुढे चोर्ला घाट उतरू लागलो, की गाडीतला दंगा वाढतो. समुद्र कधी दिसणार, हा एकच प्रश्न. मी मात्र मुख्याध्यापकपणाचा अधिकार वापरून आधी जुन्या गोव्यात गाडी थांबवतो. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाला एवढी हौस भागवू द्यावी.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत बॉम जेझूच्या इगर्जीसमोर आम्ही उभे होतो. (गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात, तोच शब्द मी येथे वापरतो.) मी तारखा सांगत होतो. 1594 साली पायाभरणी, 1605 साली उद्घाटन, आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव, 1986 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश. सातवीतला एक मुलगा माझ्याकडे न बघता भिंतीकडेच बघत होता. त्याचे वडील गवंडीकाम करतात. मध्येच तो म्हणाला, “सर, हिला गिलावा करायचं राहिलंय काय?”

पोरे हसली. मीही हसलो, आणि लगेच हसू आवरले. मुलाचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचे उत्तर देणे मला जड जाणार होते. का, ते पुढे सांगतो.

रस्त्याच्या पलीकडे से कॅथेड्रल उभे आहे. ते पांढरेशुभ्र आहे. अलीकडची बॉम जेझू मात्र तांबूस-तपकिरी, उघड्या चिऱ्याची. पर्यटकाला वाटते, ही अधिक जुनी असावी. वस्तुस्थिती तशी नाही. दोन्ही इमारती साधारण एकाच काळातल्या, एकाच जांभ्या दगडाच्या. बॉम जेझूच्या दर्शनी भागात काळ्या दगडाचे सुंदर कोरीवकाम आहे आणि तो दगड वसईहून आणला असे सांगतात. पण बाकी सारी भिंत चिऱ्याची आहे. शतकानुशतके या भिंतीवरही चुन्याचा गिलावा होता. तो पडला नाही. तो मुद्दाम काढला गेला.

हे काम झाले 1950 च्या दशकात. बाल्ताझार कास्त्रो हे पोर्तुगालमधले पुरातन इमारतींच्या जीर्णोद्धाराचे नामांकित वास्तुविशारद. त्या काळी त्यांच्या देशात जुन्या वास्तूंचा गिलावा खरवडून आतला दगड उघडा करण्याची पद्धत होती. दगड दिसला म्हणजे इमारत पुरातन, भारदस्त वाटते, ही त्यामागची समजूत. पोर्तुगालच्या उत्तरेकडची जुनी देवळे ग्रॅनाईटची. ग्रॅनाईट उघडा राहिला तरी पावसाला दाद देत नाही. तोच न्याय मांडवीकाठच्या जांभ्याला लावला गेला आणि बॉम जेझू उघडी पडली.

जांभा हा आपल्या भागातला दगड. त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक असायला हवा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो, की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. वारा लागला, वाळला, की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली मलबारमधला हा दगड पाहून त्याला ‘लॅटराईट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. पण हा दगड आतून चाळणीसारखा भोकाभोकांचा असतो. भोकांत माती असते. पाऊस पडला की तो पाणी पितो, ऊन पडले की सोडतो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. असे पिणे-सोडणे वर्षानुवर्षे चालले, की माती वाहून जाते, कडा झिजतात, आणि बोट लावले तरी भुगा हातात येतो.

म्हणून जुन्या लोकांनी चिरा कधी उघडा ठेवला नाही. गोव्यात शिंपले भाजून चुना करीत; आपल्याकडे चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना काढीत, तो विरवीत, वाळू घालून घाणीत मळीत. कुठे गुळाचे पाणी, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचा गर त्यात पडे. असा गिलावा पाणी थोपवतो, आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेरही जाऊ देतो. सिमेंटचे तसे नाही. सिमेंट बाहेरून घट्ट बसते, ओल आत कोंडते, आणि आतला चिरा मुकाट कुजत राहतो.

2020 साली बॉम जेझूच्या प्रमुख धर्मगुरूंनी जाहीर आवाहन केले, की या वास्तूला पुन्हा गिलावा करावा, नाहीतर ती झिजून जाईल. त्यावर मतभेद झाले. अनेकांच्या मनात आता हा तपकिरी रंगच ‘खरी’ बॉम जेझू होऊन बसला आहे. पांढरी इमारत त्यांना परकी वाटते. साठ-सत्तर वर्षांत एक चूक परंपरा कशी बनते, याचा हा नमुना आहे.

आता माझी गोष्ट. आमच्या शाळेची जुनी इमारत चिऱ्याची. गावातल्या लोकांनी श्रमदानाने उभी केलेली, वर मंगळुरी कौले. मी मुख्याध्यापक झालो त्या वर्षी रस्त्याकडच्या भिंतीचा चुना जागोजागी फुगला होता. मी गोव्यातली नवी हॉटेले पाहिली होती. उघडा चिरा तिथे किती छान दिसतो! समितीपुढे मीच विषय मांडला. बाहेरून चुना खरवडून दगड उघडा केला, सांधे सिमेंटने भरले, आतून सिमेंटचा गिलावा चढवला. स्नेहसंमेलनाला आलेल्या पाहुण्यांनी “हेरिटेज लुक” म्हणून कौतुक केले. मी सुखावलो.

तिसऱ्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गाची भिंत आतून हिरवी झाली. बाकावर तांबडा भुगा पडू लागला. गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, नखाने सांधा टोकरला आणि शांतपणे म्हणाला, “सर, चिऱ्याला अंगरखा लागतो. तुम्ही बाहेरनं काढलासा आणि आतनं रबरी कोट घातलासा.” शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याने इतक्या थोडक्यात क्वचितच शिकवले असेल. बॉम जेझूसमोर त्या मुलाचा प्रश्न ऐकताना मला हीच भिंत आठवली होती.

त्यानंतर जुन्या गोव्यात गेलो, की मी मुलांना आणखी दोन जागा दाखवतो. पहिली, सेंट ऑगस्टीनचा मनोरा. ऑगस्टिनियन संन्याशांनी 1602 मध्ये उभारलेली, ग्रासा मातेची ती भव्य इगर्ज. मनोरा सुमारे 46 मीटर उंच. 1835 साली सरकारने धर्मसंघ बंद केले, संन्यासी गेले, मठ ओस पडला. अवघ्या सात वर्षांत, 1842 मध्ये, छताची कमान कोसळली. 1931 साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला, 1938 मध्ये आणखी काही. आज उरला आहे तो एक उभा लाल तुकडा. त्यावर कुणी शत्रूने तोफ डागली नव्हती. दर पावसाळ्यानंतर कौले शाकारायला, भिंतीवर उगवलेला पिंपळ उपटायला, चुना काढायला तिथे माणूस उरला नव्हता, एवढेच.

त्या मनोऱ्यातली मोठी घंटा मात्र वाचली. ती आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि 1871 साली पणजीच्या इगर्जीत आली. ही माझी दुसरी जागा. पणजीच्या मध्यभागी, नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांवरची ही इगर्ज सिनेमावाल्यांमुळे सर्वांना माहीत आहे. 1541 साली येथे एक लहान चॅपेल होते. 1600 मध्ये ती पणजीची फिर्गज, म्हणजे त्या वस्तीची ग्राम-इगर्ज झाली, आणि 1619 मध्ये मोठी करून बांधली गेली. तिच्या माथ्यावरच्या घंटाघरात ऑगस्टिनियनांची ती घंटा टांगली आहे. से कॅथेड्रलच्या ‘सोन्याच्या घंटे’नंतर गोव्यातली ही दुसरी मोठी घंटा.

मुलांना मी विचारतो : दोन्ही इमारती एकाच काळातल्या, दोन्ही त्याच पावसात. मग एक पडली आणि एक उभी कशी?

उत्तर ‘फिर्गज’ या शब्दात आहे. मठ संन्याशांचा होता. ते गेले, मठ गेला. जुने गोवे शहरही साथींनी आधीच रिकामे होत आले होते, आणि 1843 मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला. पणजीची इगर्ज वस्तीची होती. तिथे बारसे होते, लग्न लागते, मयताची घंटा वाजते. 8 डिसेंबरला तिचे फेस्त. पाऊस सरला, की फेस्ताच्या आधी इगर्ज रंगवून घ्यायची, ही गोव्यातल्या गावोगावची रीत. आता चुन्याच्या जागी पुष्कळ ठिकाणी डब्यातला रंग आला आहे, पण रीत टिकली आहे. पूर्वी गोव्यात पांढरा रंग इगर्जींसाठीच राखलेला असे आणि घरांना इतर रंग द्यावे लागत, असे सांगतात. इगर्जीची मालमत्ता व दुरुस्ती पाहायला ‘फाब्रिक’ नावाची समिती असते. कौल फुटले, वासा वाकला, तर ते बघणे तिचे काम. जीर्णोद्धार हा मोठा शब्द आहे. त्याला निधी लागतो, तज्ज्ञ लागतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. वर्षाला एकदा शिडी लावून कौले तपासणाऱ्याचा फोटो कोणी काढत नाही. तो आला नाही म्हणजेच पुढे जीर्णोद्धाराची पाळी येते.

एका सहलीत आमचे एक सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, ही देवळे पाडून उभारलेल्या इगर्जींची कौतुके मुलांना कशाला सांगता?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. 1540 नंतर तिसवाडीत आणि पुढे साष्टी-बारदेशात देवळे पाडली गेली, देवळांच्या जमिनी इगर्जींकडे गेल्या, हा इतिहास आहे आणि मी तो वर्गात शिकवतो. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये नदीपार प्रियोळला नेण्यात आला, हेही सांगतो. पण त्याच इतिहासात असेही आहे, की फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने आपल्या मराठीत, ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले, ते 1616 साली राशोल येथे छापले गेले, आणि साष्टीतल्या इगर्जींमधून त्या ओव्या वाचल्या जात. त्या भिंतींनी आपली भाषा ऐकलेली आहे. शिवाय फोंड्याकडची आपली देवळे पाहा. तोच चिरा, तोच गिलावा, त्याच मंगळुरी कौलांची छपरे. तिकडे फाब्रिक, इकडे महाजन. पाऊस दोघांत भेद करीत नाही. आपणही आपल्या काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइल पेंट फासतो आणि सभामंडपाच्या जुन्या लाकडी खांबांच्या जागी सिमेंटचे खांब उभे करून फरशीवर देणगीदारांची नावे कोरतो. कास्त्रोसाहेबांना नावे ठेवताना एवढे लक्षात असलेले बरे.

सहकारी काही बोलले नाहीत. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण परतीच्या वाटेवर त्यांनी मला विचारले, “मग आपल्या शाळेच्या भिंतीचं काय करायचं?”

ते आता झाले आहे. आतले सिमेंट छिन्नीने काढायला एक उन्हाळ्याची सुट्टी गेली. झिजलेले चिरे बदलले. त्याच म्हाताऱ्या गवंड्याच्या देखरेखीखाली चुना विरवला, कारण तो मळायची घाणी आता कुठे शोधणार? पायाने तुडवून मळला. बाहेरचा गिलावा त्याच्या पुतण्याने केला. गवंड्याने एकच अट घातली : दरवर्षी दसरा झाला की चुन्याचा हात द्यायचा, एकही वर्ष चुकवायचे नाही. समितीत कोणी विचारले, दरवर्षीचा खर्च कशाला, एकदाच चांगला रंग देऊ. या खेपेला मी नाही म्हणालो, आणि का, ते नीट सांगू शकलो.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी नववी-दहावीची मुले बादल्या आणि कुंचे घेऊन येतात. हातापायांना चुना, डोक्याला चुना, थोडा भिंतीलाही लागतो. गवंड्याचा तो मुलगा, ज्याने गिलाव्याचे विचारले होते, तो दहावी होऊन गेला. गेल्या वर्षी न बोलावता आला, शिडीवर चढला आणि वळचणीखालचा कोपरा रंगवू लागला. खालून मी म्हणालो, “अरे, तो कोपरा कुणाला दिसतोय?”

“पाणी तिथनंच शिरतंय सर,” तो म्हणाला, आणि कुंचा पुन्हा बादलीत बुडवला.