थैलीवरची चिठ्ठी

पेशवाईत मामलेदार म्हणजे परगण्याचा धनी. सारावसुली, शिबंदी, तंटेबखेडे, सगळे त्याच्या हाती. पण त्याच्याच कचेरीतले आठ कामदार त्याचे नोकर नसत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस या दरकदारांची नेमणूक थेट हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातून होई. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. उलट, त्याने लबाडी केली तर ती वर कळवणे हे त्यांचे कामच होते.

कामाची वाटणीही मोठी बारकाईची. हुकमावर दिवाणाची सही, मग मुजुमदाराची तपासणी, मग फडणिसाने तारीख घालायची. रोजकीर्द फडणिसाची, तिच्यावरून खतावणी करून दरमहा गोषवारा धाडायचा तो दफ्तरदाराने. जमा आणि रोकड शिल्लक यांचा हिशेब पोतनिसाकडे. पैशाच्या थैलीला चिठ्ठी मात्र फडणीसच बांधी. नाणी पारखायला पोतदार, तेही दोन. वसुलात अंकुशी, चांदवडी असे नाना टांकसाळींचे रुपये येत आणि बट्ट्याच्या, म्हणजे नाण्यामागे होणाऱ्या कपातीच्या हिशेबात हात मारणे सोपे असे.

शिवाय देशमुख-देशपांड्यांची दफ्तरे होतीच. हे वतनदार पिढीजात, मामलेदार बदलला तरी जागचे न हलणारे. त्यांच्या कागदांशी ताळा जमल्याशिवाय मामलेदाराचा हिशेब मंजूर होत नसे.

तरीही पैसा मुरायचा. शिबंदीची खोटी हजिरी लागे, रयतेला न दिलेली सूट खर्ची पडे, वसूल झालेली रक्कम जमेला येतच नसे. अशा कमाईचा वाटा ‘अंतस्थ’ म्हणून वरपर्यंत पोहोचे.

व्यवस्था खरी मोडली ती दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. मामलती मक्त्याने जाऊ लागल्या. पेशव्याच्या भोवतालची मंडळी चढी बोली लावत आणि नफा ठेवून पोटमक्ते देत. ठरलेली रक्कम भरली की सरकार मोकळे! गावात प्रत्यक्ष किती वसूल झाले, याची चौकशी करण्यात मग कोणालाच रस उरला नाही. पोटमक्तेदाराने मागितलेला आकडा अखेर रयतेच्या डोक्यावर बसे.

इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात ही दुरवस्था नोंदवली आहे. तिचे खापर कारकुनांवर फोडून चालणार नाही. तपासणारी माणसे तयार होती, पद्धत मुरलेली होती. तिला निकामी केले ते खुद्द मालकाने, रोख रकमेच्या घाईपायी.

पेशव्यांची ती दफ्तरे आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, बहुतेक मोडी लिपीत.